ओळख देणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाईंस,
सप्रेम नमस्कार.

हे समोर उभे राहून बोलले असते, तर आपण ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय बदलला असता; म्हणून पत्र लिहीत आहे, आणि तेही जाहीर, कारण सोलापुरात अशी माणसे आहेत हे चार लोकांना कळायला हवे.

यजमानांच्या बदलीमुळे आम्ही शाळेचे वर्ष अर्धे उलटल्यावर रत्नागिरीहून येथे आलो. ‘काय करालास बे’ म्हणणाऱ्या वर्गात माझ्या मुलीचे हेल काढून, सानुनासिक बोलणे हा रोजच्या करमणुकीचा विषय झाला आणि तिने बोलणेच कमी केले. शाळेत सांगितले, तर ‘होईल हो सवय’ एवढेच उत्तर मिळाले. निदान पुस्तकांत तिचे मन रमेल म्हणून एका वाचनालयात गेले, तर तेथील गृहस्थांनी मान वर न करता अर्ज परत सरकवला: जुन्या सभासदाची ओळख आणा. गावात कुणी ओळखीचे नाही म्हणून जे मूल पुस्तकांकडे वळते, त्याच्याकडे आधी ओळखच मागावी, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

मग आपल्या वाचनालयात आलो. तेथील अर्जातही तोच रकाना होता. आपण माझ्याऐवजी मुलीकडे पाहिलेत, काय वाचायला आवडते असे विचारलेत, ती ‘रोबोट’ एवढेच पुटपुटली, आणि ‘ओळख देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात आपण स्वतःचे नाव लिहून सही केलीत. पेनाला टोपण लावत तिला म्हणालात, ‘झाली ना आता ओळख.’ नियमही मोडला नाहीत. सही सभासदाची हवी होती आणि आपण सभासद होतातच. तेवढे त्या गृहस्थांनाही करता आले असते.

मग आपण तिच्या हाती पीटर ब्राऊन यांचे २०१६ सालचे ‘द वाइल्ड रोबोट’ ठेवलेत. इंग्रजी पाहून ती बिचकली, तेव्हा ‘प्रकरणे छोटी आहेत, अडलीस तर चित्रे पाहा’ म्हणालात. मोठ्यांच्या यंत्रमानव-कथांत बहुधा तो आज्ञा मानेल की उलटेल हाच घोर असतो. कारेल चापेक यांच्या १९२०च्या नाटकात यंत्रमानव बंड करतात, तर आयझॅक आसिमोव्ह १९४२मध्ये त्यांना नियमांत बांधतात. येथे मात्र निर्जन बेटावर वाहून आलेल्या रॉझला आज्ञा द्यायला माणूसच नाही. प्राणी तिला राक्षस समजून पळतात. ती अंगाला चिखल आणि पाने लावून निश्चल बसते, ऐकत राहते आणि त्यांची बोली शिकते. हा भाग मुलीने मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. का, ते मी विचारले नाही.

अंड्यातून निघालेले हंसाचे पिल्लू रॉझलाच आई मानते, ही नुसती लेखकाची कल्पना नव्हे, हेही आपणच तिला समजावलेत. कोनराड लोरेन्झ यांच्या मागे हंसाची पिल्ले अशीच चालत, आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले, हे ती आता घरी येईल त्याला ऐकवते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब जातीचे हंस आपल्या उजनीच्या पाण्यावर उतरतात, असे आपण सांगितल्यापासून तर तिकडे जाण्याचा लकडा लावला आहे. (‘आपल्या उजनीच्या’ हे शब्द तिचे.)

एवढा वेळ कुणी कुणाच्या मुलासाठी काढत नाही, बाई. सौजन्य म्हणून लोक हसून बोलतात, खुर्ची देतात. पण परक्याच्या पोरीसाठी ‘हिला मी ओळखते’ असे लेखी द्यायला निराळेच मन लागते, आणि ते पदाबरोबर मिळत नाही.

एक सूचना देऊन ठेवते. शेवटी रॉझला बेट सोडावे लागते, यावर आमच्या कन्येचा तीव्र आक्षेप आहे. पुढचे भाग २०१८ आणि २०२३ साली आले आहेत, हे सांगूनही तिचे समाधान झालेले नाही. ज्या प्राण्यांनी तिला आपले म्हटले त्यांनी तिला जाऊच कसे दिले, याचा जाब ती शनिवारी आपल्याला विचारणार आहे. हाताशी वेळ ठेवून बसा; ती आता भरपूर बोलते.

आपली ऋणी,
एका नव्या सभासदाची आई