मा. क्रीडामंत्री, तलावाशेजारच्या व्यायामशाळेचं दार या मुलांसाठी उघडा

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी एका जिल्ह्याच्या गावी मुलामुलींना वॉटरपोलो, म्हणजे खोल पाण्यात पोहत खेळायचा, हातानं बॉल फेकून गोल करायचा खेळ, शिकवते. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सामना संपला, सगळ्या मुली कपडे बदलून आल्या, पण संघातली एक पंधरा वर्षांची मुलगी ओले केस मोकळेच सोडून बाकावर बसून राहिली. वेणी घालायला तिचा उजवा हात डोक्यापर्यंत जातच नव्हता. शेवटी मैत्रिणीनं घालून दिली. डॉक्टरांनी रोटेटर कफला, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंना, सूज असल्याचं सांगितलं आणि सहा आठवडे पाण्यात उतरणं बंद केलं. फिजिओथेरपिस्टबाईंनी मला एकच विचारलं, "पाण्याबाहेर या मुलींकडून ताकदीचा कोणता व्यायाम करून घेता?"

आमच्या तलावापासून चाळीस पावलांवर क्रीडासंकुलाची व्यायामशाळा आहे. तिच्या दारावर पाटी आहे, "१८ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही." हे पत्र त्या पाटीबद्दल आहे.

वॉटरपोलोत तळाला पाय टेकवायचा नसतो. क्रिकेटमधला गोलंदाज पुढचा पाय जमिनीत रोवतो आणि त्या आधारावर चेंडू सोडतो. आमच्या मुलांना तो आधारच नाही. ताक घुसळणाऱ्या रवीसारखे दोन्ही पाय सतत फिरवत, ज्याला आम्ही एगबीटर म्हणतो, ती छातीपर्यंत पाण्याबाहेर येतात आणि चारशे ग्रॅमहून जड बॉल एका हातानं फेकतात. त्याच वेळी प्रतिस्पर्धी खांद्यावर रेलून त्यांना खाली दाबत असतो. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि बॉल थांबला की घड्याळही थांबतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ. मांड्या, कंबर आणि पोटात जोर नसेल, तर फेकीचा सगळा भार एकट्या खांद्यावर येतो. त्यात पोहण्यानं छातीकडचे, हात आत वळवणारे स्नायू बळकट होतात आणि खांद्यामागचे छोटे स्नायू मागे राहतात. हा तोल पाण्यात कितीही फेऱ्या मारल्या तरी सुधारत नाही, उलट बिघडतो. तो जमिनीवरच सुधारावा लागतो. गुडघ्यांचंही तसंच. एगबीटरमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो आणि तो पेलायला नितंबांचे, जांघेचे स्नायू तयार लागतात.

पाटीमागची भीती मला कळते. "वजन उचललं की उंची खुंटते" हे पालक मला दर हंगामात ऐकवतात. नीट देखरेखीखाली, वयाला झेपेल असा व्यायाम केल्यानं उंची खुंटते, याला वैद्यकीय आधार नाही. इजा होते ती कोणी शिकवायला नसताना, ईर्ष्येनं, झेपणार नाही एवढं वजन उचलल्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तर ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम करावा, असंच सांगतात.

आणि हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज आहे का? मल्लखांबावर सहा-सात वर्षांची पोरं सगळ्या अंगाचा भार दोन हातांवर पेलतात आणि आपण कौतुकानं टाळ्या वाजवतो. जोर, बैठका, मुदगल ही आपल्या तालमींची रोजची भाषा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. अशा मातीत मुलांच्या ताकदीची भीती बाळगावी, याचं मला फार वाईट वाटतं.

दार बंद असलं म्हणून मुलं थांबतात असंही नाही. माझ्या संघातली दोन मुलं गल्लीतल्या जिममध्ये जायला लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात बेंच प्रेसवर पैज लागली आणि दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी प्रोटीनचा डबा हातात दिला. त्या डब्यात काय आहे हे ना मुलाला माहीत, ना आईबापांना. उद्या उत्तेजक चाचणीत काही निघालं, तर जबाबदार तो मुलगाच.

माझं मागणं मोठं नाही. वयाची सरसकट बंदी काढा आणि तिच्या जागी देखरेखीची अट घाला. प्रशिक्षक समोर असल्याशिवाय मुलांना प्रवेश नाही, अशी पाटी लावली तर मी स्वतः तिचा पहारा करीन. रबरी पट्टे, मेडिसिन बॉल, पुल-अपचा दांडा, चार चटया आणि हलके डंबेल एवढ्यात काम भागतं. खरी गरज माणसाची आहे. वाढत्या वयाच्या मुलांना ताकदीचा व्यायाम कसा द्यायचा, याचं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या निदान एका मार्गदर्शकाला पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात बोलावून द्या. चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून लहानच असतो. दोघांना सारखंच वजन देऊन चालत नाही, हे जन्मतारखेच्या दाखल्यावरून कळत नाही. ते बघणारा डोळा तयार करावा लागतो.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा वॉटरपोलोचं सुवर्णपदक भारतानं जिंकलं होतं. १९८२ ला दिल्लीतच कांस्य मिळालं. माझ्या मुलांना हे मी सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

सध्या आम्ही तलावाच्या कठड्याला सायकलच्या जुन्या ट्यूब बांधतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, वीस मिनिटं. कोपर अंगाशी, हात सावकाश बाहेर, सावकाश आत, पंधरा वेळा. ती मुलगी पाण्यात परतली आहे, पण लांबून फेकायची परवानगी तिला अजून नाही. पावसात कठडा निसरडा होतो, तेव्हा व्यायाम बंद ठेवावा लागतो. व्यायामशाळेचं दार तिथून समोरच दिसतं.

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरांची गर्दी सुरू झाली की आमची पाण्यातली वेळ अर्ध्यावर येते. तेव्हा जमिनीवरचा व्यायामच हाताशी उरतो. परिपत्रक त्याआधी निघावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक वॉटरपोलो प्रशिक्षक