नवा पूल मंजूर झाला, पण तोवर जुन्याचे काय?

माननीय संपादक यांस,
सविनय नमस्कार.

समुद्रकाठच्या गावातला जुना पूल जाऊन नवा येणार म्हटले की बातमीत पुलाची लांबी, खर्च आणि उद्घाटनाची तारीख ठळकपणे असते. नवा पूल मंजूर झाल्यापासून तो खुला होईपर्यंत जुन्या पुलावरून कोणी आणि किती वजन घेऊन जायचे, हे मात्र त्या बातमीत सहसा सापडत नाही. माझ्या मते पुलाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ हाच असतो, म्हणून हे पत्र.

२०२४ च्या आरंभी आम्ही घरची मंडळी रामेश्वरला गेलो होतो. आमची गाडी समुद्राच्या अलीकडेच थांबली आणि मंडपमला उतरून, बोचकी व म्हातारी माणसे सांभाळत, पुढचा प्रवास बसने करावा लागला. रामेश्वर बेटाला जोडणारा, १९१४ मध्ये सुरू झालेला पांबनचा रेल्वे पूल गंजून कमकुवत झाल्यामुळे डिसेंबर २०२२ पासून त्यावरून एकही प्रवासी गाडी सोडलेली नव्हती. १९६४ च्या चक्रीवादळात मोडला तेव्हा अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिलेला हा पूल अखेर खाऱ्या हवेपुढे हरला. शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून बस जात असताना एका बाजूला तो रिकामा पूल आणि त्याला लागून नव्याचे चाललेले काम दिसत होते. त्या दिवशी आम्ही पुष्कळ कुरकुर केली. आज ती आठवली की ओशाळल्यासारखे होते. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला, म्हणजे बेटावरच्या लोकांनी दोन वर्षांहून अधिक काळ ही गैरसोय सोसली. पण जुन्या पुलामुळे त्या काळात कोणाचा जीव गेला नाही.

आता आमच्या घराजवळची गोष्ट. बडोदे समुद्रकाठी नाही, हे खरे. परंतु आमच्या जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहणारी मही खंभातच्या आखाताला मिळते आणि आखाताची भरती तिच्या पात्रात शिरते. पादऱ्याहून आणंद जिल्ह्यात जाण्यासाठी ज्या गंभीरा पुलाचा आम्हां सर्वांना उपयोग होता, तो १९८५ चा, म्हणजे पांबनपेक्षा सत्तर वर्षांनी लहान. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी त्याचा गाळा कोसळला, वाहने नदीत पडली आणि वीसहून अधिक माणसे गेली. तुटक्या कडेवर कित्येक दिवस लटकत राहिलेला तो टँकर आपल्या वाचकांनीही छायाचित्रांत पाहिला असेल. प्राथमिक तपासणीत पेडेस्टल (खांबावरचा, गाळ्याचा भार पेलणारा ठोकळा) आणि आर्टिक्युलेशन (गाळ्यांचा सांधा) यांचा भाग चिरडला गेल्याचे सांगण्यात आले. हा भाग रस्त्याखाली असतो. वरून स्कूटर नेणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला जाणवते ते पुलाचे हलणे, आणि पूल हलतो अशी तक्रार त्या भागातले लोक आधीपासून करीत होते. मला सर्वांत अधिक बोचले ते पुढचेच. तेथे नवा पूल बांधण्यासाठी २१२ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळालेली असून आराखडा व निविदेचे काम चालू आहे, असे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले. नव्याची गरज कागदावर मान्य झालेली होती आणि जुन्यावरून ट्रक जातच होते.

नवा पूल उभा राहिला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. महाडजवळ सावित्रीवर इंग्रजांच्या काळातील दगडी कमानींचा पूल होता आणि त्याच्या शेजारी नवा पूल बांधून झालेला होता. तरीही एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालू ठेवली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो पूल गेला, त्याबरोबर दोन एसटी बसगाड्याही गेल्या. त्यानंतर पडलेल्या पुलाच्या बदली १६५ दिवसांत आणखी एक पूल बांधल्याचे सर्वत्र कौतुक झाले. काम खरोखरच झपाट्याचे होते, परंतु इतके सोपे होते तर आधी का झाले नाही, असे विचारावेसे वाटते.

उलट भरूचचा गोल्डन ब्रिज पाहावा. १८८१ पासून नर्मदेवर उभा असलेल्या या लोखंडी पुलावर जड वाहनांना बऱ्याच आधीपासून मज्जाव होता आणि जुलै २०२१ मध्ये शेजारचा नवा पूल खुला होताच जुन्यावरची वाहतूक थांबवली गेली. मोठमोठ्या घोषणांची त्यासाठी गरज पडली नाही.

म्हणून नव्या पुलाच्या मंजुरीच्या आदेशातच जुन्या पुलावरची वजनमर्यादा आणि तो बंद करण्याची तारीख लिहिलेली असावी. मर्यादेची पाटी पुरेशी नसते, कारण पाटी वाचून ट्रक परत फिरल्याचे मी तरी पाहिलेले नाही. दोन्ही टोकांना कमी उंचीची लोखंडी कमान रोवावी, म्हणजे जड वाहन आत शिरूच शकणार नाही. वळसा घालावा लागणाऱ्या गावांसाठी, विशेषतः शाळकरी मुले व दूधवाले यांच्यासाठी, बसची सोय त्याच आदेशात असावी. नाहीतर गैरसोयीला कंटाळून लोकच ती कमान काढायला लावतील. आणि नव्या पुलालाही समुद्र सोडत नाही, हे विसरू नये. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट आतून तडकते. रंगरंगोटीने हे झाकले जाते, थांबत नाही. पांबनच्या नव्या पुलाबाबतही रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी उद्घाटनापूर्वीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, गंजाचा मुद्दा उपस्थित केला होता. अशा तपासणीचे निष्कर्ष पुलाच्या तोंडाशी, स्थानिक भाषेत, तारखेसह लावायला काय हरकत आहे?

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की यापुढे एखाद्या पुलाच्या भूमिपूजनाची बातमी छापताना त्याच्या शेजारचा जुना पूल जड वाहनांना कोणत्या तारखेपासून बंद होणार आहे, तेही आपल्या वार्ताहराने संबंधितांना विचारून त्याच बातमीत द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे