प्रोबायोटिक म्हणजे अल्सरचे औषध नव्हे

महोदय,

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांच्या कॅप्सूलने अल्सर (जठरातील व्रण) बरा होतो, हा समज धोक्याचा आहे. जठरातील बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. जिवाणू घालवायला सहसा 14 दिवस प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध लागते. प्रोबायोटिकने फार तर त्या काळातले जुलाब कमी होतात. तेही थोडके नाही, कारण जुलाबांना कंटाळूनच अनेकजण कोर्स अर्धवट सोडतात आणि जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो.

लॅक्टोबॅसिलस या प्रोबायोटिक जिवाणूची कॅप्सूल प्रतिजैविकापासून किमान 2 तास अंतराने घ्यावी, नाहीतर त्यातले जिवाणूच मरतात. सॅकरोमायसिस बोलार्डी ही दुसरी प्रोबायोटिक जिवाणू नसून यीस्ट (एक बुरशी) असल्याने तिला ही अडचण नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी मात्र ती टाळावी.

जिवाणू गेला का हे पाहायला कोर्सनंतर 4 आठवड्यांनी श्वासाची युरिया चाचणी करावी. त्याआधी 2 आठवडे आम्लाचे औषध डॉक्टरांना विचारून बंद ठेवावे, अन्यथा जिवाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

— एक वाचक