संज्या, शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम दोन्ही काढून घे

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. चाकणची नोकरी सोडून एसी-फ्रीज रिपेअरिंगचं स्वतःचं चालू करतोयस, लय भारी वाटलं, वहिनी काय म्हणाल्या ते मात्र शिताफीने गाळलंस.

कंपनी वगैरे काढायची काही गरज नाही रे. एकटा माणूस प्रोप्रायटर म्हणून धंदा करतो त्याला वेगळं पॅन पण लागत नाही, तुझं आहे तेच. आधी शॉप अ‍ॅक्ट उरक. 2017 च्या कायद्याने वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, धंदा चालू केल्यापासून 60 दिवसांत, आणि त्याची जी पावती येते तिलाच सगळे शॉप अ‍ॅक्ट म्हणतात. पाटीचा फोटो लागतो, आणि पाटीवर मराठी आधी नि बाकी भाषेपेक्षा बारीक नको, 2022 पासून छोट्या दुकानांना पण हे लागू आहे, त्यामुळे तुझं ते स्टायलिश इंग्लिश नाव पेंटरला आत्ताच आवरायला सांग.

मग उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारची नोंदणी. आधार, पॅन, बँकेचे डिटेल्स, मोबाईलवर ओटीपी, झालं. फी शून्य, रिन्यूअल नाही. गुगलवर शोधलंस की सरकारी वाटणाऱ्या साइट वर येतात आणि दीड-दोन हजार मागतात, त्यांच्या नादी लागू नको, पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतोय का बघ.

आता नीट वाच, कारण सायबर कॅफेवाला इथेच गडबड करतो. फॉर्ममध्ये धंद्याचा प्रकार विचारतात तिथे सर्व्हिस निवड, ट्रेडिंग नाही. तू गॅस, कॉम्प्रेसर विकणार असशील पण मुळात काम दुरुस्तीचं आहे ना. ट्रेडिंगवाल्यांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलंय पण ते बँकेच्या कर्जापुरतं, अडकलेल्या बिलाचं संरक्षण त्यांना नाही. सर्व्हिसवाल्याला आहे: काम करून घेणाऱ्या कंपनीला, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामहिन्याला चक्रवाढ. आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून, उशीर झाला तर त्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. खरी वेसण ही आहे बघ. आमच्याकडच्या एका कारखान्याने मोटर रिवायंडिंगचं बिल लटकवलं होतं, साहेब मीटिंगमध्ये, साहेब बाहेरगावी, असलंच चालू होतं, मार्च जवळ आला आणि मी उद्यम नंबर टाकून मेल केला तर अकाउंटवाल्याचाच फोन आला, तोही गोड आवाजात! म्हणून बिलबुकवर उद्यम नंबर आधीच छापून घे. घरगुती गिऱ्हाइकाला याचा काय उपयोग नाही, तिथे काम झालं की तिथल्या तिथे पैसे घ्यायचे.

जीएसटीचं टेन्शन आत्ता नको, सर्व्हिसला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की बघू. करंट अकाउंटला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते, शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम दाखव, बहुतेक ठिकाणी भागतं.

फॉर्म भरायला बसलास की व्हिडिओ कॉल कर, रात्री नऊनंतर मी मोकळाच असतो. आणि वहिनींचं नक्की काय म्हणणं आहे ते तेव्हा सांग.

तुझा,
बाळ्या