टिळकांच्या झेंड्याचा कोपरा झाकू नका

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त चित्रकला शिक्षक. नोकरीत असताना दर पंधरा ऑगस्टला तक्ते रंगवले आणि मुलांकडूनही रंगवून घेतले. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी तिरंग्याच्या प्रवासाचं एक प्रदर्शन लागलं होतं. त्यात १९१७च्या होमरूल, म्हणजे स्वराज्याच्या चळवळीच्या झेंड्याचं चित्र होतं, पण त्याच्या डाव्या कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाचा चौकोन चिकटवलेला. कडेने डिंकही ओघळला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "गुरुजी, तिथं युनियन जॅक, इंग्रजांचा झेंडा आहे. टिळकांच्या नावाशेजारी तो बरा दिसत नाही."

ते उत्तर मनाला फार लागलं, म्हणून हे पत्र.

टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. त्याच वर्षी अॅनी बेझंट यांनी आपली वेगळी लीग सुरू केली. दोघांची तेव्हाची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य, ही होती. कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जे मिळालं ते हिंदुस्थानला का नाही, हा सवाल होता. त्या वसाहतींच्या झेंड्यांवर कोपऱ्यात युनियन जॅक असे, तसा तो आपल्याही झेंड्यावर आला. त्याशिवाय पाच तांबडे आणि चार हिरवे आडवे पट्टे, सप्तर्षींच्या आकारात सात तारे, आणि वरच्या उजव्या बाजूला चंद्रकोर व तारा. कागद चिकटवून कोपरा झाकला की १९१७ साली स्वराज्याची मागणी कुठवर पोचली होती, तेच मुलांना कळत नाही. आणि साहेब, एवढा कोपरा असूनही इंग्रज सरकारला हा झेंडा खपला नाही. कोइमतूरच्या मॅजिस्ट्रेटने त्यावर बंदी घातली. ही गोष्ट मुलांना सांगायची तर कोपरा उघडाच हवा.

तसं पाहिलं तर १९४७पूर्वीच्या कुठल्याच झेंड्याला सरकारी मान्यता नव्हती. लोकांनी ते आपापल्या बुद्धीने आणि हिमतीने काढले. विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदितांनी आपल्या झेंड्यावर वज्र काढलं. ७ ऑगस्ट १९०६ला कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात तीन पट्ट्यांचा झेंडा लागला. २२ ऑगस्ट १९०७ला जर्मनीतल्या स्टुटगार्टला, समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, मादाम कामांनी झेंडा फडकवला. त्यावर मधल्या पट्ट्यात देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आहे. १९२१ला बेजवाड्याला (आजच्या विजयवाड्याला) पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना तांबडा-हिरवा झेंडा दाखवला. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा घालायला सांगितलं आणि चरखा आला. दोन वर्षांनी नागपुरात याच झेंड्यासाठी सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली.

१९३१चं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काँग्रेसने नेमलेल्या सात जणांच्या समितीने एकाच केशरी रंगाचा, चरखा असलेला झेंडा सुचवला होता. तो मान्य झाला नाही. केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा ठरला, आणि रंगांचा अर्थ धर्मांवरून लावायचा नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केलं गेलं. नाकारलेला तो झेंडाही भिंतीवर लागावा असं मला मनापासून वाटतं. जाणत्या माणसांनी भांडून, समजावून, एकमेकांचं ऐकून निवड केली, हे त्याच्यावाचून दाखवणार कसं?

चरख्याचं चक्र का झालं, हे तर चित्रकलेच्या तासालाच शिकवता येतं. चरख्याच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे सूत कातायची सळई. झेंडा उलट्या बाजूने पाहिला की चित्र उलटं दिसतं. २२ जुलै १९४७ला घटना समितीत नेहरूंनी हीच अडचण मांडली होती. अशोकचक्र दोन्हीकडून सारखंच. मुलांना पातळ कागदावर चरखा काढून तो उजेडासमोर धरायला सांगितलं, की लगेच ध्यानात येतं.

आमच्याकडे झेंड्याची ओळख लहानपणीच होते. शिमग्याला पालखीबरोबर निशाण चालतं, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांवर रंगीबेरंगी बावटे फडफडत असतात. ही मुलं बारकाईने पाहतात. त्यांच्यापुढे अर्धवट चित्र ठेवू नये.

माझी विनंती अशी. रत्नागिरीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे या सगळ्या झेंड्यांच्या पूर्ण आकाराच्या कापडी प्रतिकृती कायमच्या लावाव्यात. प्रत्येकाखाली साल, ठिकाण आणि दोन ओळींचा खरा मजकूर असावा, आणि होमरूलचा झेंडा युनियन जॅकसकट असावा. मादाम कामांचा मूळ झेंडा पुण्याला केसरीवाड्यात जपलेला आहे, त्यावरून रंग नीट जुळवता येतील. दुसरा एक संच कोकणातल्या शाळांत फिरवावा. २२ जुलै हा झेंडा स्वीकारल्याचा दिवस आणि २३ जुलै टिळकांची जयंती, तेव्हा शाळाही चालू असतात. फक्त पावसाचे दिवस असल्याने प्रतिकृती कोंदट पेटीत ठेवू नयेत, कापडाला बुरशी धरते.

मजकूर तपासून देण्याचं आणि रंगांच्या छटा ठरवण्याचं काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला करू. आपल्या कार्यालयाने कळवावं, आम्ही रत्नागिरीत केव्हाही हजर राहू.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
जि. रत्नागिरी