तपकीर गल्लीतल्या काकांना, पंखा बंद केल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठे छापू नकोस गं," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा आमच्या बँडच्या पहिल्या कॅसेटच्या 50 प्रती हातात आल्या. कुठल्या कंपनीनं काढलेल्या नाहीत, चौघांनी पैसे घालून केल्या. खोका उघडला आणि मला सगळ्यात आधी तुमचं दुरुस्तीचं दुकान आठवलं. जिन्याखालची ती दोन माणसांची जागा, सोल्डरचा वास, आणि काउंटरवरचा तो टेबलफॅन.

तुमच्याकडे येण्याआधीचं वर्ष कसं गेलं, ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या जुन्या इमारतीत गच्चीवरची खोली, भिंतींवर खिळे ठोकून लावलेल्या गोधड्या, अर्धामुर्धा ड्रमसेट आणि चौघांच्या डोक्यात मराठी गाणी, एवढंच आमच्याकडे होतं. एका स्टुडिओत आगाऊ 12,000 भरून आम्ही चार तास घेतले. मी गात होते तेव्हा काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट मोबाइल बघत होता. गाणं संपल्याचं त्याला कळलं नाही. मी काचेवर टकटक केली तेव्हा म्हणाला, "ताई, आधी वाजवायला शिका, मग या." ते पैसे ड्रमरनं शिकवण्या करून साठवलेले होते. पुढे एका कार्यक्रमवाल्यानं सांगितलं की मराठीत रॉक चालत नाही, हिंदी गाणी वाजवा, मानधनाचं काय ते प्रसिद्धीतच धरा. असे अपमान माणूस विसरल्यासारखं करतो. विसरत नाही.

मग मैत्रिणीच्या मामांच्या माळ्यावर ते मशीन सापडलं. टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ. असलं पहिलं मशीन कंपनीनं 1979 साली काढलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक चढवता यायचे, आणि स्टुडिओ पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या टेबलावर आला. आमच्यासाठी तो देव्हाराच होता. टेप नेहमीच्या दुप्पट वेगानं पळते आणि आवाजाच्या चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरते, उलटायला दुसरी बाजू उरत नाही, त्यामुळे 60 मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम 15 मिनिटं मावतात. आम्हाला तेवढी पुष्कळ होती. पहिलं गाणं अर्धं झालं आणि मशीनमधला टेप फिरवणारा रबरी बेल्ट गेला.

ज्याच्याकडे आधी दुरुस्तीला दिलं त्यानं तीन महिने ठेवून घेतलं. अमेरिकेचं मशीन, 110 व्होल्टवर चालणारं, सोबत ट्रान्सफॉर्मर दिला होता. त्यानं ते थेट आपल्या 230 वर लावलं. आत गुंतलेली आमची कॅसेट ओढून काढताना टेप तोडली. वर म्हणाला, "भंगारात टाका, आजकाल हे कोण वापरतं?" चार स्क्रू कमी होते, आणि तपासणीचे पैसे घेतलेच.

2018 च्या मे महिन्यात, दुपारी, मी ते मशीन चादरीत बांधून तपकीर गल्लीत दारोदार फिरत होते. दोघांनी बघितलंही नाही. तुम्ही गाठ सोडलीत, मशीन बघितलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "बस गं, उभी का?"

तुम्ही काय काय बदललंत ते आजही मला धड सांगता येणार नाही. "नशीब, फ्यूजनं जीव दिला, बाकीचं वाचलं," एवढं लक्षात आहे. बेल्ट विरघळून काळ्या गुळासारखा चिकट झाला होता, तो तुम्ही स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत होतात आणि मधेच विचारलंत, "घरी रेकॉर्ड केलेलं असं कोण ऐकतं?" चेष्टा नव्हती त्यात, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की ब्रूस स्प्रिंगस्टीननं 1982 मध्ये घरात बसून असल्याच मशीनवर गाणी टेप केली, नंतर बँड घेऊन तीच स्टुडिओत करून बघितली, पण घरच्या कॅसेटची सर आली नाही, शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून बाजारात आली. ओहायोतल्या डेटन गावच्या गायडेड बाय व्हॉइसेसबद्दलही सांगितलं. त्यांचा गायक रॉबर्ट पोलार्ड शाळेत मास्तर होता, मित्रांसोबत तळघरात गाणी टेप करायचा, आणि 1994 नंतर जगानं दखल घेतली तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मास्तर होय? मग चिकाटी असणारच."

संध्याकाळी मशीन सुरू झालं. तुटलेल्या टेपची टोकं सरळ कापून तुम्ही जोडली होतीत. दोन सेंटिमीटर गेली, म्हणालात. बघायला म्हणून तीच कॅसेट लावलीत. मला वाटलं, चालतंय एवढं बघून बंद कराल, कुठलाही कारागीर तेच करील. पण दहाएक सेकंद ऐकून तुम्ही हात लांब केलात आणि टेबलफॅन बंद केलात.

काका, मे महिना होता. वर पत्रा तापलेला. तुमच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. त्या पंख्याची पाती फिरत फिरत थांबली, तुम्ही चष्मा काढून ठेवलात, डोळे मिटलेत आणि आमचं अर्धंमुर्धं गाणं शेवटपर्यंत ऐकलंत. बाहेरून कोणीतरी रिमोटचे सेल मागितले, त्याला डोळे न उघडता तळहातानं थांबवलंत. आमच्या गाण्यासाठी तोवर कोणी काही थांबवलं नव्हतं. मी मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, कारण मला रडायचं नव्हतं.

गाणं संपल्यावर तुम्ही विचारलंत, "पुन्हा एकदा लावू?"

आणि दुसऱ्यांदा ऐकताना तुम्हीच ती घूं धरलीत. आम्हाला तिची लाज वाटायची. गाण्याखाली सतत वाजणारी ती घरघर आम्ही मशीनचाच दोष समजत होतो. "ही मशीनची नाही, पंख्याचीही नाही, तो तर बंद आहे. ही तुमच्या घरची वीज आहे. अर्थिंग धड नाही तिथे." मग जरा ऐकून म्हणालात, "पांढरी पाचच्या आसपास आहे. किंचित चढी." पांढरी पाच म्हणजे पेटीवरचा पाचवा पांढरा सूर. दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला मागे भारतीय बैठकीत बसणाऱ्या माणसाचा कान! आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, आणि पांढरी पाच खाली खाली उतरत नेली की 49 ला येते. हा हिशेब बेसवाल्यानं त्या रात्री मांडला तेव्हा आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो. त्याच घरघरीत 150 चाही आवाज मिसळलेला असतो, म्हणजे पंचम. तुम्ही तर दुकानातच सांगून मोकळे झाला होतात, "तंबोराच आहे की हा. काढता कशाला? याचाच सा धरा आणि गा."

त्या रात्री आम्ही गिटारी किंचित चढ्या लावल्या आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून बसवलं. ज्या अमेरिकेतल्या बँडची गाणी ऐकून आम्ही मोठे झालो, त्यांच्या देशात वीज 60 ची. त्यांच्या टेपवर घरघर उमटलीच असेल, तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी. आमची पांढरी पाचची. आपल्या आवाजाला आपलं गाव असतं, हे मला कुठल्या पुस्तकात नाही, तुमच्या दुकानात कळलं.

तुम्ही बिल केलंत 350 रुपयांचं. प्लगला लाल पेनानं लिहिलेली चिठ्ठी बांधलीत, "110 — थेट लावू नये." ती अजून आहे, शाई पुसट झाली म्हणून मी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे.

चांगुलपणाबद्दल लोक मोठं मोठं बोलतात. मला आता तो अशा लहान गोष्टींत दिसतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, "दुपारी दोन ते चार सोडा, बाकी काय बडवायचं ते बडवा," म्हणाल्या आणि सात वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. एक रिक्षावाला, ड्रम मांडीवर घेऊन बसायला जागा होईना तेव्हा तो पुढे स्वतःच्या पायांशी ठेवून वाकडा बसून चालवत आला. यातल्या कोणालाही आमचं संगीत आवडलं असेल असं नाही. आम्ही मनापासून काहीतरी करतोय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी थोडी जागा करून दिली. त्या रेकॉर्डिस्टकडे आमच्या माइकच्या शंभरपट महाग माइक होता. ऐकायची तयारी नव्हती.

तुमच्या मुलीनं सांगितलं, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही सोल्डरिंग बंद केलंय, दुकानात भाचा बसतो, पण मोबाइलवर अक्षर मोठं करून तुम्ही सगळं वाचता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिलं. प्रत तिच्याकडे दिली आहे. आतल्या कागदावर आभारात एकच ओळ आहे, "तपकीर गल्लीतल्या काकांना." तेवढं चालवून घ्या.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट नुसती घूं आहे, कॅसेट बिघडली असं समजू नका. गाणं नव्यानं बसवलं, पण दुसरं कडवं त्या जुन्या टेपवरचंच ठेवलंय. तुम्ही घातलेला सांधा तिथे आहे. दोन सेंटिमीटर टेप म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग, तेवढा एक शब्द कापला गेलाय. कॉम्प्युटरवर तो भरून काढता येईल, असं मिक्सिंग करणारा मित्र दोनदा म्हणाला. आम्ही चौघांनीही नको सांगितलं.

तुमची,
चादरीत मशीन बांधून आणणारी