जाळ्याच्या आसापासून वलांडीपर्यंत

महोदय,

चंदेरी पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी पापलेटसह ५४ प्रजातींच्या पकडीसाठी किमान आकार ठरवण्यात आला. तरीही तळहाताएवढे पापलेट आजही बाजारात सर्रास विकले जाते, कारण जाळ्याच्या आसाची, म्हणजे छिद्रांच्या आकाराची, तपासणी बंदरात होण्याऐवजी बहुधा कागदावरच होते.

दुसरा मुद्दा सुक्या मासळीचा. बोंबिलात पाण्याचा अंश फार असल्याने तो झटपट नासतो, म्हणूनच कोळणी त्याचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडणीवर, टांगतात आणि वाऱ्याउन्हात तो स्वच्छ सुकतो. जवळा मात्र अनेक ठिकाणी वाळूतच पसरला जातो, त्यात कचकच राहते आणि खाण्याजोगा माल कोंबडीखाद्याच्या भावाने द्यावा लागतो. अवकाळी पावसाची एक सर आली की तेवढेही हाती लागत नाही. (मोठ्या प्रक्रिया उद्योगांच्या घोषणा होतात, पण साध्या सिमेंटच्या ओट्याला निधी नसतो!)

मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक बंदरावर उंच ओटे, सौर वाळवणी यंत्रे आणि वेष्टनाची सोय उभारून ती मच्छीमार महिलांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावी, आणि किमान आकारापेक्षा लहान मासळी उतरवणाऱ्या नौकांचे डिझेल अनुदान रोखावे.

– एक वाचक, पालघर